गटनायकाची शाळा

दहावीचा निकाल जाहीर झाला की कोकण विभागाचे नाव वृत्तपत्रांच्या मथळ्यांत झळकते. २०१२ मध्ये रत्नागिरी येथे स्वतंत्र विभागीय मंडळ सुरू झाले आणि तेव्हापासून ही जणू परंपराच झाली. २०२४ मध्ये दहावीला ९९.०१ टक्के, २०२५ मध्ये ९८.८२ टक्के! कोणाही कोकणवासीयाला अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट आहे. परंतु याच जिल्ह्याची दुसरी एक आकडेवारी आहे, आणि तिच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. २००१ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती. २०११ मध्ये ती १६,१५,०६९ झाली. संपूर्ण देशाची लोकसंख्या वाढत असताना या जिल्ह्यातून दहा वर्षांत एक्क्याऐंशी हजारांहून अधिक माणसे उणी झाली.

पोटासाठी मुंबई गाठणे कोकणी माणसाला नवे नाही. गिरणगाव त्याच्याच घामावर उभे राहिले. तथापि तो चाकरमानी शिमग्याला, गणपतीला गावी येई, मनीऑर्डर पाठवी, देवळाच्या जीर्णोद्धाराचा हिशेब मागे आणि गावच्या बैठकीत तावातावाने भांडेही. त्याचे गावावरचे उत्तरदायित्व सुटलेले नव्हते. आज उत्तम गुणांनी उत्तीर्ण होणारा मुलगा पुण्याला, बंगळुरूला वा परदेशी जातो, त्यात त्याचा दोष नाही. पण त्याच्या सतरा वर्षांच्या शिक्षणात ‘माझ्यावाचून कोणाचे तरी अडेल’ असा अनुभव त्याला एकदाही आलेला नसतो. ग्रामसभेत कोण बोलणार, विविध कार्यकारी सोसायटी कोण चालवणार, शाळा व्यवस्थापन समितीवर कोण बसणार, हे प्रश्न गावोगावी उभे आहेत. नेतृत्वाचा प्रश्न म्हणतात तो हाच.

या प्रश्नाला बाजाराने आपल्या परीने उत्तर शोधले आहे. मे महिन्याची चाहूल लागताच ‘व्यक्तिमत्त्व विकास व नेतृत्व निवासी शिबिरा’ची रंगीत पत्रके शहरांतून फिरू लागतात. दोरीवरून घसरणे, कृत्रिम भिंतीवर चढणे, रात्री शेकोटी, शेवटच्या दिवशी पालकांसमोर कार्यक्रम आणि प्रत्येकाच्या हाती प्रमाणपत्र. मुले आनंदात असतात, आणि आठवडाभर भ्रमणध्वनी दूर राहिला हेही काही थोडके नाही. मात्र प्रमाणपत्रावर ‘नेतृत्वगुण आत्मसात केले’ असे लिहिलेले वाचले की मनात येते, या आठ दिवसांत या मुलाने कोणाचे नेतृत्व केले? जेवण आयते आले, पाणी बाटलीतून आले, रांगेत कोणी उभे केले, दोरी कोणी बांधली. तो उत्तम ग्राहक होता, इतकेच म्हणता येईल.

याउलट एका शाळेचे तीन रात्रींचे शिबिर पाहण्यात आले. मुक्काम सड्यावर. कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी सांगायचे तर सडा म्हणजे जांभ्या दगडाचे मोकळे पठार. पावसाळ्यात हिरवेगार, एरवी काळाकुट्ट कातळ. मुलांचे आठ-आठ जणांचे गट आणि प्रत्येक गटाचा नायक त्यांच्यातलाच. शिधा मोजून दिलेला. पाणी खालच्या वाडीतील विहिरीवरून पाखाडी चढून कळशीने आणायचे. चूल तीन दगडांची, आणि सरपण वाडीतून मिळेल तेवढेच. शिक्षक जवळच होते. परंतु त्यांनी एक पथ्य कठोरपणे पाळले होते. जिवाला धोका असेल तेथे क्षणाचाही विलंब न लावता मध्ये पडायचे, अन्यथा नाही.

पहिल्या संध्याकाळी एका गटाची खिचडी करपली. गटनायक वर्गातला हुशार मुलगा, वक्तृत्वाची बक्षिसे मिळवलेला. त्याने कामे वाटून दिली खरी, पण चुलीपाशी कोण बसणार हे सांगायचे राहून गेले आणि सगळेच तंबूची दोरी ताणण्यात गुंतले. मधला भाग तेवढा खाण्याजोगा उरला. शिक्षिकेला दिसत होते; तिच्याकडे पोह्यांची पिशवीही होती. तिने ती सोडली नाही. तो मुलगा प्रथम चुलीवर रागावला, मग दोन मित्रांवर. नंतर बराच वेळ गप्प बसला आणि उरलेली खिचडी वाढताना स्वतःचे ताट त्याने सर्वांत शेवटी घेतले. कोणी त्याला तसे शिकवले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीपाशी कोण, पाण्याला कोण, भांड्यांना कोण, हे त्याने कोळशाने दगडावर लिहून ठेवले होते.

दुसऱ्या एका गटाची नायिका सातवीतली मुलगी होती. घाटीची वाट चढताना तिचा गट वारंवार मागे पडे, कारण एका मुलाला दम लागत असे. पुढची मुले थांबून थांबून चिडली होती. तिने त्या मुलालाच सर्वांच्या पुढे आणून चालायला लावले आणि त्याच्या पाठीवरचे ओझे तिघांत वाटून टाकले. गट सावकाश पण अखंड वर पोहोचला. ती युक्ती तिची होती की घरी गुरे नेताना पाहिलेली, कोण जाणे! डोंगरात चालणाऱ्यांना हा नियम परिचित आहे. पण तो ऐकून जाणणे वेगळे आणि सात जणांची चिडचिड अंगावर घेऊन अमलात आणणे वेगळे.

निवासी आणि मोकळ्यावरच्या शिक्षणाचे मर्म येथे आहे. वर्गात चुकीची शिक्षा गुण कापून होते आणि ती ज्याची त्याला होते. शिबिरात नायकाच्या चुकीने आठ जण उपाशी राहतात. शिवाय संध्याकाळी घरी पळता येत नाही. ज्याच्याशी दुपारी भांडण झाले त्याच्याच शेजारी रात्री अंथरूण टाकावे लागते. आईवडील नाहीत, दार लावून घ्यायला खोली नाही. माणसे सांभाळण्याची विद्या अशाच ठिकाणी येते.

पाश्चात्य जगाला या गोष्टीचे मोल युद्धाच्या धगीत कळले. दुसऱ्या महायुद्धात अटलांटिक महासागरात ब्रिटिश व्यापारी जहाजे बुडत होती. जहाजमालक लॉरेन्स हॉल्ट यांना असे जाणवले की जीवरक्षक होड्यांत तरणेबांड खलाशी धीर सोडतात आणि मुरलेले प्रौढ खलाशी तगतात. हिटलरच्या राजवटीत अटक होऊन जर्मनी सोडावा लागलेले शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान यांच्या साहाय्याने त्यांनी १९४१ मध्ये वेल्समधील अ‍ॅबरडोव्ही येथे सुमारे चार आठवड्यांचा निवासी अभ्यासक्रम सुरू केला. ‘आऊटवर्ड बाउंड’ चळवळीचा उगम तो. त्याआधी १९०७ मध्ये बेडन पॉवेल यांनी ब्राउनसी बेटावर वीसेक मुलांचे शिबिर घेतले. चार टोळ्या आणि प्रत्येकीचा नायक मुलांतलाच. हिंदुस्थानात मात्र स्काऊटिंग आले ते प्रथम गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन मुलांपुरते! देशी मुलांना नेतृत्व शिकवण्याची राज्यकर्त्यांना घाई नव्हती. तेव्हा पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम वाजपेयी यांनी सेवा समितीचे स्वतंत्र स्काऊट संघटन उभारले. नेता घडवणे ही सत्तेची गोष्ट असते, हे परक्यांना आपल्या आधी कळले होते.

महाराष्ट्रात ही जाणीव वेगवेगळ्या वाटांनी प्रकट झाली. डॉ. हेडगेवारांनी संघाची स्थापना केल्यावर दोनच वर्षांत, १९२७ मध्ये, नागपुरात पहिला प्रशिक्षण वर्ग घेतला. डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे यांनी १९३७ मध्ये नाशिकला भोसला सैनिकी शाळा सुरू केली; तेथील छात्र आजही ‘रामदंडी’ म्हणून ओळखला जातो. १९६२ मध्ये पुण्यात डॉ. वि. वि. तथा आप्पा पेंडसे यांनी ज्ञान प्रबोधिनीची स्थापना केली ती बुद्धिमान मुलांमधून समाजाला नेतृत्व मिळावे या स्पष्ट हेतूने. आणि १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर प्रबोधिनीने भूकंपग्रस्त हराळीत निवासी शाळा उभी केली, तेव्हा त्या हेतूचा कस लागला. या सर्वांत संघशाखेचे वैशिष्ट्य असे की तिने नेतृत्वाचा सर्वांत लहान एकक शोधून काढला. बारा-तेरा वर्षांचा गटनायक. त्याच्याकडे आठ-दहा घरांचे पत्ते. कोण आला नाही, का आला नाही, कोणाच्या घरी आजारपण आहे, हे त्याला ठाऊक असले पाहिजे. त्याला भाषण येण्याची आवश्यकता नाही, दारावर जाऊन हाक मारता आली पाहिजे. ज्यांनी हे काम केले आहे त्यांना त्यातील अवघडपणा सांगायला नको.

रत्नागिरीपुरते बोलायचे तर या भूमीने शिबिरे नसतानाही नेते दिले, हे मान्य करावेच लागेल. महर्षी धोंडो केशव कर्वे मुरूडचे. १८७५ मध्ये परीक्षेसाठी ते सोबत्यांसह भर पावसात कुंभार्ली घाटातून साताऱ्याला चालत गेले. सुमारे एकशे दहा मैल, चार दिवस. आणि तेथे पोहोचल्यावर काय झाले? मुलगा वयाने लहान दिसतो म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिले नाही! आल्या पावली परतावे लागले. पुढे विधवाविवाहापायी गावाने बहिष्कार टाकला तेव्हा जो माणूस डगमगला नाही, त्याची शाळा कोणती होती, हे त्या घाटवाटेला विचारावे. तेव्हा गरिबी आणि अंतर हेच शिक्षक होते. आज दारात रस्ता आणि वाहन आहे, आणि ते असलेच पाहिजे. मुलांना कष्ट व्हावेत म्हणून कोणी दारिद्र्य परत मागणार नाही. पण म्हणूनच जे पूर्वी परिस्थिती देत असे ते आता योजनापूर्वक द्यावे लागते.

शिबिराच्या चुलीला रत्नागिरीत आणखी एक अर्थ आहे. स्वातंत्र्यवीर सावरकर १९२४ पासून १९३७ पर्यंत येथे स्थानबद्ध होते. शाळांतून सर्व जातींच्या मुलांना सरमिसळ बसवावे म्हणून त्यांनी झगडा केला, सहभोजने घडवून आणली, १९३१ मध्ये भागोजीशेठ कीर यांच्या औदार्यातून पतितपावन मंदिर उभे राहिले आणि १९३३ मध्ये अखिल हिंदू उपाहारगृह सुरू झाले. त्या काळी एका पंगतीत बसणे हा केवढा अपराध होता, याची कल्पना आजच्या मुलाला यायची नाही. आज शिबिरात खारवी, कुणबी, भंडारी, ब्राह्मण, चर्मकार अशा घरांतली मुले एकाच टोपातले अन्न खातात आणि त्यांच्या मनात दुसरा विचारही येत नाही. पण एक पायरी अद्याप उरली आहे, ती नायकत्वाची. पंगत एक झाली. गटाचा नायक कोण होतो? बहुधा ज्याच्या घरी पुस्तके आहेत, ज्याची भाषा ‘शुद्ध’ आहे, तोच. मिरकरवाड्यातला मुलगा, जो वडिलांबरोबर पहाटे समुद्रावर जातो आणि वारा फिरला तर काय करायचे ते जाणतो, तो शिबिरात मागे उभा असतो, कारण त्याला परिचय करून देताना अडखळायला होते. शिबिराच्या योजकांनी नायक निवडताना तरी प्रगतिपुस्तक बाजूला ठेवावे. नायकत्व फिरते ठेवावे, आणि ज्याला कोणी निवडणार नाही त्याच्याकडे ते एक दिवस आवर्जून द्यावे.

मुलींच्या बाबतीत तर रत्नागिरीला दुर्लक्ष परवडणारच नाही. २०११ च्या जनगणनेनुसार या जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया आहेत. पुरुष मुंबईला, शेत, गुरे, म्हातारी माणसे, शाळेची फी आणि देवाचा उत्सव या सगळ्यांचा भार घरातल्या बाईवर. गाव प्रत्यक्षात ती चालवते. तरीही निवासी शिबिर म्हटले की ‘मुलीला कसे पाठवायचे’ हा प्रश्न आपल्याच घरांतून पहिला येतो. १९३६ मध्ये वर्ध्याला लक्ष्मीबाई केळकरांनी राष्ट्र सेविका समिती स्थापन केली, त्या काळी हा प्रश्न आजच्यापेक्षा कितीतरी अवघड होता. सुरक्षिततेची व्यवस्था मागणे हा पालकांचा अधिकार आहे, ती चोख असलीच पाहिजे. पण ती मागून झाल्यावर मुलीला पाठवावे.

सुरक्षिततेविषयी थोडे स्पष्ट बोलणे आवश्यक आहे, विशेषतः समुद्रकाठी. १ फेब्रुवारी २०१६ रोजी शेजारच्या रायगड जिल्ह्यात मुरूडच्या किनाऱ्यावर सहलीला आलेले पुण्यातील १४ विद्यार्थी बुडाले. ओहोटीची ओढ न जाणणाऱ्यांना समुद्र क्षमा करत नाही. त्यानंतर सहलींवर निर्बंधांची मागणी झाली आणि अनेक शाळांनी ‘नकोच ती कटकट’ म्हणून किनाराच वर्ज्य केला. हा उपाय नव्हे. समुद्राकाठच्या जिल्ह्यातील मुलाने समुद्र ओळखला पाहिजे, आणि तो ओळखायचा ते जाणत्याच्या देखरेखीखाली. रत्नागिरीत राष्ट्रीय छात्रसेनेचे नौदल युनिट आहे. तेथील छात्र वल्ही मारायला, शीड हाकायला शिकतात, किनाऱ्या-किनाऱ्याने होड्यांच्या मोहिमा करतात. होडीत एकाने वल्हे चुकीच्या क्षणी टाकले तर साऱ्यांची लय मोडते. तेथे ‘संघभावना’ या विषयावर व्याख्यान द्यावे लागत नाही. २०२१ मध्ये राज्य शासनाने साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर करून नोंदणीचे बंधन घातले, ते योग्यच झाले. पालकांनी नोंदणी पाहावी, प्रशिक्षित मार्गदर्शक किती हे विचारावे, जवळचे रुग्णालय किती अंतरावर आहे हे विचारावे. आणि मग मुलाला जाऊ द्यावे.

आता थोडे आपल्याविषयी. आपल्या संस्थांच्या शिबिरांत शिस्त असते, वेळापत्रक असते, खर्च अल्प असतो आणि प्रबंधकांच्या निःस्वार्थ कष्टांना तोड नसते. पण नेमके तेथेच एक गोम आहे. प्रबंधक इतके तत्पर असतात की मुलांना करायला काही उरत नाही! पहाटे चारला उठून स्वयंपाक कार्यकर्ते करतात, वाढतात कार्यकर्ते, मैदान आखतात कार्यकर्ते. मुले रांगेत येतात, जेवतात आणि बौद्धिक ऐकायला बसतात. बौद्धिकही दीड तासाचे. दुपारी दोन वाजता, पत्र्याखाली. इतिहासातील थोर नेत्यांची चरित्रे त्यांना अवश्य सांगावीत, परंतु चाळीस मुलांची आमटी खारट झाली तर काय करायचे, हा प्रश्न एकदा त्यांच्यावर सोडून पाहावा. काम बिघडू देणे हे सेवाभावी माणसाला सर्वांत कठीण जाते. ते धैर्य प्रबंधकांनी दाखवले पाहिजे.

राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० ने सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवण्याची तरतूद केली आहे. स्थानिक कारागीर, व्यावसायिक यांच्या सहवासात मुलांनी शिकावे अशी कल्पना. हे दहा दिवस सुटे-सुटे वाटून चित्रकला स्पर्धेत आणि बसच्या सहलीत संपवले तर ती संधी वाया जाईल. त्यांतील चार दिवस सलग घेऊन मुलांना आपल्याच जिल्ह्यात मुक्कामी नेता येईल. जागांची वाण नाही. मंडणगड तालुक्यातील वेळास हे नाना फडणवीसांचे गाव. तेथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेच्या पुढाकारातून ग्रामस्थ वर्षानुवर्षे समुद्री कासवांची घरटी राखतात. पहाटे किनारा चालून घरटे शोधणाऱ्या तरुणाबरोबर मुलांनी चार पहाटा काढाव्यात. खेड तालुक्यात रसाळगड, सुमारगड, महिपतगड ही एका रांगेतली दुर्गत्रयी आहे. उक्षी, बारसू, देवाचे गोठणे येथील सड्यांवर प्राचीन कातळशिल्पे आहेत. २०२२ मध्ये त्यांचा समावेश जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत झाला. त्यांची मोजमापे घेणे, गावातल्या वृद्धांना त्याविषयी विचारणे, पाहुण्यांना माहिती सांगणे ही कामे आठवीच्या मुलांना सहज सोपवता येतील.

आणि शिबिराहून परतल्यावर त्या गटनायकाला घरी, शाळेत, वाडीत काही तरी सांभाळायला दिले पाहिजे. पाणवठ्याची स्वच्छता, वाचनालयाची नोंदवही, गणपतीच्या वर्गणीचा हिशेब, काहीही. हिशेब चुकला तर त्याने सर्वांसमोर उभे राहून सांगावे. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण बुडाले, तेव्हा चिखल उपसायला, औषधे वाटायला राज्यभरातून तरुण धावून आले. अशा वेळी कोणत्या गल्लीत म्हातारी एकटी राहते, कोणाच्या घरी तान्हे मूल आहे, हे बाहेरून आलेल्याला कळत नाही. ते गल्लीतल्या गटनायकालाच ठाऊक असते, तो तेथे असेल तर.

काळाविषयीही एक सूचना. कोकणात शिबिरे मे महिन्यात घेण्याची रूढी शहरी सुट्टीच्या हिशेबाने पडली. मे महिन्यात येथील अनेक वाड्यांना टँकरचे पाणी पुरवावे लागते, विहिरी तळाला गेलेल्या असतात आणि उकाड्याने मोठी माणसेही हैराण होतात. शंभर पाहुण्या मुलांनी त्या वाडीच्या विहिरीवर जाणे हे यजमानांवर अन्याय करणारे आहे. दिवाळीच्या सुट्टीत भात कापून झालेले असते, वहाळ वाहते असतात, सड्यावर गवत असते आणि पहाटे हवेत गारवा. शाळांनी आणि संस्थांनी आपले नियोजन त्या पंधरवड्याभोवती करावे, वाडीच्या प्रमुखांना आधी भेटून विहीर विचारावी, आणि त्या भेटीला गटनायकांनाही बरोबर न्यावे.